वाढदिवस विचारताना



पवित्र शास्त्रात वाढदिवसाची मेजवानी शोधायला बसलं तर हाती फारसं लागत नाही, आणि जे लागतं ते सुखाचं नाही. उत्पत्तीच्या ४० व्या अध्यायात फारोचा वाढदिवस आहे. त्या दिवशी त्याने प्यालेबरदारांच्या नायकाला परत कामावर घेतलं आणि आचाऱ्यांच्या नायकाला फाशी दिली. मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकात, ६ व्या अध्यायात, राजाचा वाढदिवस दर महिन्याला पाळला जाई आणि यहुदी लोकांना बळजबरीने त्या यज्ञाच्या पंगतीला बसवलं जाई. तिसरा वाढदिवस हेरोदाचा. त्याची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. मेजवानी संपेपर्यंत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शीर तबकात आलं होतं. ईयोब आणि यिर्मया या दोघांनी तर स्वतःच्या जन्मदिवसाला शाप दिला. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनने असेच दाखले पुढे ठेवून वाढदिवस साजरे करणं हे पापी लोकांचं काम ठरवून टाकलं.

ओरिजेन फार मोठा माणूस, त्याच्याशी मी वाद घालणार नाही. पण रविवारी मिस्सा संपताना, शेवटच्या आशीर्वादाआधी, फादर त्या आठवड्यातल्या वाढदिवसवाल्यांना वेदीपुढे बोलावतात, तेव्हा पुढे येणाऱ्यांचे चेहरे मला बघायला आवडतात. पाच वर्षांचं पोर धावत जातं. सत्तरीचे अंकल काठी टेकत, लाजत, दुसऱ्या बाकावरच्या कुणीतरी ढकलल्यावर उठतात. कीबोर्डवाला गाणं सुरू करतो, सगळे टाळ्या वाजवतात. एरवी आठवडाभर ज्यांचं नाव कुणी मोठ्याने घेत नाही, त्यांचं नाव देवाच्या घरात घेतलं जातं. ही गोष्ट लहान नाही.

आमच्या विभागाची वाढदिवसांची यादी गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. चाळीसएक घरं. कुणाचा कधी ते वहीत लिहायचं, आदल्या दिवशी ग्रुपवर कळवायचं, म्हाताऱ्या माणसांकडे संध्याकाळी दोघीतिघींनी जाऊन रोझरीचं एक दशक म्हणायचं, थोडा कुंदा द्यायचा. केक सगळ्यांच्या दातांना आणि शुगरला चालतोच असं नाही. कुंदाही शुगरला चालत नाही म्हणा, पण बेळगावात कुंद्याला नाही म्हणणारा मी अजून पाहिलेला नाही.

या यादीत सगळ्यांत जास्त नावं एकाच तारखेला आहेत, १ जूनला. वयस्कर वाचकांना कारण सांगायला नको. पूर्वी पोराला शाळेत घालायला बाप जायचा, मास्तर तारीख विचारायचे, बाप म्हणायचा, "त्या मोठ्या पावसात झाला." मास्तर सहा वर्षं मागे मोजून १ जून लिहून मोकळे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा देशभरासाठी एकसारखा झाला तोच मुळी १९६९ साली. त्याआधी जन्मलेल्या कितीतरी जणांकडे खऱ्या तारखेचा कागद म्हणून एकच असतो, चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतला. ज्यांच्या घरी आईने तारीख लक्षात ठेवली नाही आणि बाप्तिस्माही उशिरा झाला, त्यांच्याकडे तोही नाही.

आमच्या मावशींचं नाव यादीत होतं, पण पुढची जागा कोरी होती. मावशी एकट्या राहतात. वेदीवरची वस्त्रं कितीतरी वर्षं त्यांच्याच हातची धुतलेली, नीळ घातलेली, इस्त्री केलेली. (ओळख पटू नये म्हणून इथे एकदोन तपशील बदलले आहेत. हे सगळं त्यांना वाचून दाखवलं आहे. एक वाक्य त्यांनी काढायला लावलं, ते काढलं.) वाढदिवस कधी विचारला की म्हणायच्या, "असू दे की आता कशाला ते." दुसऱ्यांदा विचारलं की कपाटातून लिमलेटची गोळी काढून हातावर ठेवायच्या. विषय संपला.

गेल्या वर्षी आमच्या तरुण मंडळींनी ठरवलं की मावशींना ऐंशी पूर्ण होत असणार, तेव्हा मोठा कार्यक्रम करायचा आणि त्यांना आधी कळू द्यायचं नाही. उत्साह चांगला होता. मावशींनी यांतल्या निम्म्या पोरांना कडेवर घेतलेलं. फक्त तारीख हवी होती. त्यातला एक जण मला म्हणाला, "आंटी, शनिवारी तुम्ही ऑफिसात असताय न्हवं? रजिस्टर तिथंच कपाटात आहे. एक मिनिटाचं काम."

एक मिनिटाचंच काम होतं, त्यात खोटं काही नाही. शनिवारी मी पॅरिश ऑफिसात दाखले लिहायला बसते. फादर कपाट उघडून देतात, सांगतील त्या वर्षाची वही मी काढते, सांगितलेली नोंद शोधते. त्याच कपाटात, दोन वह्या पलीकडे, मावशींचं पान असणार.

मी त्याला नाही म्हटलं. तो जरा हिरमुसला, "चांगल्या कामासाठीच तर" म्हणाला. त्याला जे समजावून सांगितलं ते इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्यापैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या चर्चच्या ऑफिसात, कमिटीत, रविवारच्या वर्गात मदत करतात आणि त्यांच्या हाताखालीही अशा वह्या असतात.

बाप्तिस्म्याच्या वहीत नुसती तारीख नसते. १९८३ च्या धर्मसंहितेच्या ८७७ व्या कलमानुसार त्या नोंदीत बाळाचं नाव, बाप्तिस्मा देणाऱ्याचं नाव, आईवडील, धर्ममातापिता, बाप्तिस्म्याची जागा आणि तारीख, जन्माची जागा आणि तारीख, एवढं सगळं असतं. आई अविवाहित असेल किंवा मूल दत्तक असेल तर काय लिहायचं आणि काय नाही, हेही तेच कलम सांगतं. पुढे त्याच नोंदीच्या बाजूला दृढीकरण, विवाह वगैरेंच्या नोंदी येत जातात. म्हणजे माणसाचं अर्धं आयुष्य त्या एका ओळीत असतं, आणि त्यातलं किती त्याने स्वतः कुणाला सांगितलंय हे आपल्याला ठाऊक नसतं. म्हणूनच ५३५ वं कलम सांगतं की या वह्या परक्यांच्या हाती पडू नयेत याची काळजी धर्मगुरूने घ्यावी. परका म्हणजे बाहेरचाच असं नाही. शनिवारी दाखले लिहिणारी मी दाखल्यापुरती आतली. वाढदिवसाच्या यादीसाठी मी परकीच. आपल्या देशाचा २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा डिजिटल माहितीसाठी आहे, पण त्याचंही म्हणणं असंच आहे की ज्या कामासाठी माणसाने माहिती वापरायला संमती दिली, त्या कामापुरतीच ती वापरावी.

मला मात्र कलमांपेक्षा नोहाचे दोन मुलगे आठवतात. बाप तंबूत उघडा पडलेला. एका मुलाने पाहिलं आणि बाहेर येऊन सांगितलं. शेम आणि याफेथ यांनी खांद्यावर वस्त्र घेतलं आणि ते पाठमोरे चालत आत गेले. मदत तर करायची होती, जवळही जायचं होतं, पण बघायचं नव्हतं. उलटं चालत जाऊन पांघरूण घालणं किती अवघड असेल, ठेचकाळले असतील बिचारे. माझ्या मते पॅरिशमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला अधूनमधून असं पाठमोरं चालावं लागतं.

वही बंद झाल्यावर पोरांनी इतर वाटा सुचवायला सुरुवात केली. रेशनच्या कामासाठी मावशींच्या आधारची झेरॉक्स कुणीतरी काढून दिली होती, त्याच्या फोनमध्ये फोटो असेल. (असेल तर आधी डिलीट कर, असं मी म्हटलं. दुसऱ्याचं आधार आपल्या फोनमध्ये कशाला?) शिवाय जुन्या कितीतरी आधार कार्डांवर नुसतं जन्मवर्ष आहे, तारीख नाहीच. एकीने सुचवलं, मावशींना रास विचारू. ख्रिस्ती बाईला रास विचारायची आणि तीही मिस्सा सुटल्यावर! खूप हसलो. एकाने सांगितलं, गोव्याला मावशींचा भाचा आहे, त्याला फोन करू.

हे शेवटचं तितकं वाईट नाही, म्हणून त्यावर थोडं बोलते. घरच्यांना विचारणं ही सरळ वाट आहे. मुलंच आईवडिलांचा वाढदिवस ठरवतात, आपण सामील होतो, त्यात काही चोरटं नाही. ज्याला आपण कधी विचारलेलंच नाही, त्याला आनंदाने चकित करायचं म्हणून त्याच्या बायकोला तारीख विचारली तर बिघडत नाही. पण ज्या माणसाने दोनदा गोळी हातावर ठेवून विषय बदलला आहे, त्याने उत्तर दिलेलंच आहे. त्यानंतर भाच्याला फोन करणं म्हणजे ते उत्तर आपण ऐकलंच नाही असं दाखवणं. गुपचूप करणं आणि जपून करणं यात मला हा फरक दिसतो.

आणि माणसं का सांगत नाहीत, याची कारणं आपण समजतो तेवढी साधी नसतात. बायका वय लपवतात, हा विनोद फार झाला. कुणाच्या घरात तीच तारीख कुणाच्या तरी पुण्यस्मरणाची असते. कुणी अनाथाश्रमात वाढलेलं असतं आणि तारीख सिस्टरांनी दिलेली असते. कुणाच्या नोकरीच्या कागदावर एक तारीख आणि वहीत दुसरी, आणि पेन्शनचं काही होईल ही भीती. कुणाला एवढंच वाटतं की वेदीपुढे उभं राहायला नवीन साडी लागते. यातलं कुठलंही कारण आपल्याला सांगायला तो माणूस बांधील नाही.

तरीही मावशींना विचारायचं मी सोडलं नाही. न विचारणं ही सभ्यता वाटते, पण कधी कधी तो आपला आळस असतो. एकट्या माणसाला कुणीच काही विचारत नाही, आणि त्याला वाटायला लागतं की आपलं कुणाला पडलेलं नाही. मार्कच्या ७ व्या अध्यायात त्या बहिऱ्या-तोतऱ्या माणसाला प्रभू येशू घोळक्यातून बाजूला घेऊन जातो आणि मग त्याच्या कानात बोटं घालतो. बरं तर तो सगळ्यांसमोरही करू शकला असता. आपण नेमकं उलट करतो. घोळक्यात उभं राहून "मावशी, बर्थडे कधी तुमचा?" असं ओरडून विचारतो, आणि मग त्या सांगत नाहीत म्हणून कोडं सोडवायला बसतो.

म्हणून एका मंगळवारी दुपारी मी एकटीच गेले. वेदीची वस्त्रं आणायचं काम होतंच. चहा झाला. आधी माझं सांगितलं, माझा वाढदिवस लेंटमध्ये येतो, त्यामुळे लहानपणी कधी मटण नाही की काही नाही, आई शेवयांची खीर करायची. मावशी हसल्या. मग म्हटलं, "मावशी, पोरांना तुमचा दिवस करायचाय. मी त्यांना सांगितलंय, तुम्ही हो म्हणालात तरच. तुम्हाला नको असेल तर नको म्हणा, मी परत विचारणार नाही, आणि का नको तेही विचारणार नाही."

थोडा वेळ गेला. मग म्हणाल्या, "कागदावर १ जून आहे बघ. ती मास्तरांची तारीख." आणि मग त्या बराच वेळ बोलल्या. काय बोलल्या ते मी इथे लिहिणार नाही, पोरांनाही सांगितलेलं नाही, आणि फादरांना सांगायचं की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवायचं. एवढंच सांगते, मी घरी येताना रस्ताभर पदराने डोळे पुसत आले, आणि त्या शनिवारी वही न उघडल्याबद्दल देवाचे आभार मानले. ते मला त्या ओळीतून कळलं असतं तर त्यांच्यापुढे कुठल्या तोंडाने बसले असते, आणि त्यांना ते कुणाला तरी स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं ते कधी सांगता आलं असतं?

उठताना मी विचारलं, "मग काय करू?" त्या म्हणाल्या, एक तारीख देते, त्या दिवशी सकाळची मिस्सा माझ्या आईसाठी सांग, नाव वाचायचं नाही. फादरांकडे मिस्साच्या वहीत "एका भाविकाच्या हेतूसाठी" एवढंच लिहिलं गेलं. त्या दिवशी सकाळी सहाच्या मिस्साला नेहमीचे पंधरा-वीस जण होते. मावशी नेहमीच्याच बाकावर, मी चार बाकं मागे.

पोरांना मी सांगितलं, वाढदिवस होणार नाही. पण त्यांचा उत्साह वाया जाऊ द्यायचा नव्हता. इथे आपल्या ख्रिस्तसभेचं कॅलेंडर कामी आलं. संतांचे सण आपण बहुतेक त्यांच्या मरणाच्या दिवशी पाळतो, कारण तो त्यांचा स्वर्गातला जन्म. पृथ्वीवरच्या जन्माचे सण तीनच: २४ जूनला योहानाचा, ८ सप्टेंबरला पवित्र मरियेचा आणि २५ डिसेंबरला प्रभूचा. या तिन्हींपैकी एकाचीही तारीख शुभवर्तमानात दिलेली नाही. नाताळची २५ डिसेंबर ही तारीख रोममधल्या ३५४ सालच्या एका पंचांगात सापडते. आर्मेनियन ख्रिस्ती अजूनही ६ जानेवारीला प्रभुजन्म पाळतात. देवाने आपल्या पुत्राचीही तारीख आपल्याला सांगितली नाही, आणि म्हणून कुणाचा नाताळ अडला नाही. मंगळूरकडची माणसं ८ सप्टेंबरला मोंती फेस्ताला नवं धान्य आशीर्वादाला नेतात, मुलं नऊ दिवस मरियेला फुलं वाहतात. तिचा खरा दिवस कोणता हे विचारत बसत नाहीत.

आणखी एक जुनी रीत आहे, ती आपण जवळजवळ विसरलो. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत वाढदिवसापेक्षा नावाच्या संताचा सण मोठा. जोसेफ असेल तर १९ मार्च, अंतोन असेल तर १३ जून, मोनिका २७ ऑगस्ट, फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर. बऱ्याचदा मूल ज्या संताच्या दिवशी जन्मलं त्याचंच नाव ठेवत, त्यामुळे नाताल, नातालिना, पास्कोल ही नावं ऐकूनच जन्माचा सुमार कळायचा. नावाचा सण कॅलेंडरवर छापलेला असतो. त्यासाठी कुणाचं कपाट उघडावं लागत नाही, वय कळत नाही, आणि तोंड भरून शुभेच्छा देता येतात. ज्यांची जागा यादीत कोरी आहे त्यांना मी आता त्या दिवशी फोन करते. एका अंकलना तर आपल्या संताचा सण कधी असतो हेच ठाऊक नव्हतं, त्यांनी दुसऱ्या दिवशी त्या संताची सगळी माहिती शोधून मलाच परत सांगितली, पाऊण तास.

पोरांचा कार्यक्रम झाला तो जुलैच्या चौथ्या रविवारी. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून तो आजी-आजोबांचा आणि वृद्धांचा जागतिक दिवस म्हणून दिला आहे, २६ जुलैच्या संत योआकिम आणि संत अन्ना यांच्या सणाच्या आसपास येतो. बाहेर बेळगावचा पाऊस, आत सगळे म्हातारे एका ओळीत, प्रत्येकाच्या गळ्यात हार, कुणाचाही वाढदिवस नाही आणि सगळ्यांचाच. मावशी मधोमध होत्या. फोटोत त्या हसताना दिसतात.

त्यानंतर फादरांच्या परवानगीने आम्ही विभागात एक साधा कागद वाटला. त्यावर नाव, जन्माचा दिवस आणि महिना. वर्ष मागितलेलं नाही. ग्रुपवर जन्मवर्षासकट शुभेच्छा टाकणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, ई-आधारची फाईल ज्या पासवर्डने उघडते तो नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष असा असतो. खाली चार चौकटी: चर्चमध्ये नाव वाचलं तर चालेल, ग्रुपवर चालेल, फक्त फोन किंवा भेट, काहीच नको, फक्त प्रार्थना करा. आणि एक ओळ, की हे कधीही बदलता येईल आणि कागद परत मागता येईल. कागद माझ्याकडे नाही, ऑफिसात पाकिटात असतो; माझ्या वहीत ज्यांनी होकार दिला तेवढेच दिवस.

बहुतेकांनी पहिल्या चौकटीत खूण केली. ज्यांची मला खात्री होती अशा दोघांनी चौथ्या चौकटीत केली, आणि ज्या एका आंटीला मी इतकी वर्षं "यांना आवडत नाही" म्हणून बोलावत नव्हते, तिने पहिल्या दोन्ही चौकटींत ठळक खुणा करून पाठवल्या. मावशींचा कागद सगळ्यांत शेवटी आला, वेदीच्या वस्त्रांच्या घडीत ठेवलेला. तारखेची जागा कोरी, चौथ्या चौकटीत खूण, आणि खाली पेन्सिलीने लिहिलेलं: कुंदा चालेल.